वाचकांचे प्रश्न : व्हीपीएन गेटवे – आधी वाटा, मग कुलपे

गेल्या काही महिन्यांत व्हर्च्युअल सर्व्हरवर (डेटा सेंटरमधील मोठ्या यंत्राच्या भाड्याने मिळणाऱ्या वाट्यावर) स्वतःचा व्हीपीएन गेटवे, म्हणजे आपली दूरदूरची यंत्रे इंटरनेटवरून खासगी, कूटबद्ध वाटेने जोडणारे नाके, उभारण्याविषयी बरेच प्रश्न आमच्याकडे साठले होते, म्हणून या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. सांगलीच्या वाचकांचा प्रश्न सर्वांत सविस्तर असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे. इतरांनी आपापले उत्तर वाचण्यापूर्वी ते नजरेखालून घालावे. नेटवर्कचे पत्ते येथे देवनागरी अंकांत छापले आहेत. यंत्रावर टंकताना मात्र इंग्रजी अंकच वापरावेत.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गोदाम आहे. हिशेब दुकानातील एका संगणकावर टॅलीमध्ये असतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि रात्री तेथून हिशेब तपासतो. पूर्वी राउटरमध्ये एक पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचे क्रमांकाचे दार) उघडून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून संगणकाचा पडदा चालवण्याच्या सोयीने, हे काम चालत असे. दुकानातील इंटरनेटची जोडणी बदलल्यापासून ते बंद पडले आहे. गोदामातील कॅमेरेही बाहेरून पाहता यावेत, अशी इच्छा आहे. एका परिचितांनी व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर व्हीपीएन गेटवे उभारण्याचा सल्ला दिला. काय घ्यावे आणि कामाचा क्रम कसा ठेवावा? (एक अडत व्यापारी, सांगली)

उत्तर : आपली जुनी वाट बंद पडली, हे एका अर्थी बरेच झाले. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे तिजोरीची खोली रस्त्यावर उघडणे होय. २०१९ साली विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमधील 'ब्लूकीप' नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही अशा संगणकाचा ताबा घेता येतो हे स्पष्ट झाले. तो दोष इतका गंभीर होता की, पाठिंबा केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसिद्ध केली. पोर्टचा क्रमांक बदलून ठेवल्याने शोधणाऱ्याला दोन मिनिटे अधिक लागतात, याहून काही साधत नाही.

आता ती वाट बंद का पडली, ते पाहू. इंटरनेटवरील पत्त्यांच्या (आयपी पत्त्यांच्या) टंचाईमुळे इंटरनेटचे अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे दहा आणि दारावरची टपालपेटी एकच असावी, तसा हा प्रकार आहे. आतून पाठवलेले पत्र बाहेर जाते आणि त्याचे उत्तरही बरोबर परत येते, परंतु बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे आहे, हे पेटीला कळत नाही. राउटरच्या 'वॅन' या, म्हणजे इंटरनेटच्या बाजूची माहिती देणाऱ्या, पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर आपण अशाच वाड्यात आहात असे समजावे. तो पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. व्हर्च्युअल सर्व्हरचा उपयोग नेमका येथे होतो. त्याला स्वतःचा स्थिर सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे दुकान, गोदाम आणि मुलाचा लॅपटॉप हे तिघेही आतून बाहेर त्याच्याकडे जातात आणि तेथे एकमेकांना भेटतात.

या कामात नवख्या माणसाची सारी चिंता कूटलेखनाभोवती, म्हणजे मजकूर कोणी वाचणार नाही ना याभोवती फिरते. माझा अनुभव उलटा आहे. कूटलेखन दहा मिनिटांत चालू होते, आणि संध्याकाळ खाऊन टाकतात त्या वाटा : कोणता पत्ता कोणाचा, त्याकडे जाण्याचा मार्ग कोणता आणि परतीचा मार्ग कोणता. म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. बाजारात मिळणारे बहुतेक राउटर घरातील नेटवर्कला १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हाच पट्टा देतात. आपल्या दुकानात, गोदामात आणि मुलाच्या पुण्यातील घरी, तिन्ही ठिकाणी १९२.१६८.१.० असण्याचीच शक्यता अधिक. मग मुलाच्या मोबाइलने १९२.१६८.१.५० या पत्त्यावरचा गोदामातील कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मागितला, तर तो मोबाइल तो पत्ता आपल्याच घरात शोधत बसेल आणि व्हीपीएन कितीही व्यवस्थित असला तरी काही दिसणार नाही.

म्हणून गोदामातील राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.४२.० असा करावा आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला त्यात १९२.१६८.४२.५० हा कायमचा पत्ता द्यावा. दुकानाचा पट्टा आज बदलला नाही तरी चालेल, पण पुढे तेथील प्रिंटर बाहेरून वापरावासा वाटला तर हीच अडचण पुन्हा उभी राहील. तेव्हा बाजार बंद असलेला एखादा दिवस पाहून तोही १९२.१६८.४१.० करून टाकावा. व्हीपीएनसाठी या दोन्हींपेक्षा वेगळा पट्टा घ्यावा, १०.४१.०.०/२४ हा चालेल (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले आणि शेवटचा मोकळा; /३२ म्हणजे एकच पत्ता). त्यात सर्व्हरला १, दुकानातील संगणकाला २, गोदामाला ३, लॅपटॉपना ११ पासून पुढचे आणि मोबाइलना २१ पासून पुढचे क्रमांक द्यावेत. ही यादी वहीत लिहावी आणि प्रत्येक ओळीपुढे 'कोणाला कशाकडे जायचे आहे' हेही लिहावे. आपल्या बाबतीत मुलाला दुकानातील संगणक हवा आहे आणि तुम्हा दोघांना मोबाइलवर रेकॉर्डर हवा आहे. दुकानातून गोदामाकडे किंवा गोदामातून टॅलीकडे जाण्याची गरज आपण लिहिलेली नाही. जी वाट मागितलेली नाही ती उघडू नये.

सर्व्हरची निवड त्यामानाने सोपी आहे. एक आभासी प्रोसेसर आणि १ जीबी मेमरी या कामाला पुरून उरते. तो 'केव्हीएम' प्रकारचा असावा. याचे कारण खाली मालवणच्या वाचकांच्या उत्तरात दिले आहे. जागा मुंबईची असेल तर उत्तम. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास असल्याने निव्वळ जाण्यायेण्यातच सव्वाशे मिलिसेकंद जातात, आणि प्रत्यक्ष केबल सरळ रेषेत नसल्यामुळे त्याहून अधिकच. रिमोट डेस्कटॉपवर माऊस हलवल्यानंतर बाण उशिरा हलतो, तो यामुळे. अमेरिकेतील सर्व्हर महिन्याला शंभर रुपयांनी स्वस्त पडला, तरी तो या कामासाठी घेऊ नये. मासिक डेटाची मर्यादा पाहताना, गेटवेवर आलेला प्रत्येक बाइट तेथून बाहेरही जातो, हे लक्षात असू द्यावे. हिशेबाला ती मर्यादा कधीच कमी पडणार नाही. चार कॅमेरे दिवसरात्र उघडे ठेवले तर मात्र पडू शकेल.

सर्व्हरवर लिनक्स, म्हणजे उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) किंवा डेबियनची चालू स्थिर आवृत्ती घालावी आणि व्हीपीएनसाठी वायरगार्ड निवडावा. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोग्राम मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून कर्नेलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. २००१ पासून चालत आलेला ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रोग्राम वाईट नाही. उलट, काही कार्यालयांच्या किंवा हॉटेलांच्या नेटवर्कवर यूडीपी पूर्ण बंद असते (यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती), तेथे ४४३ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून तोच कामी येतो, कारण वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतो. परंतु त्याची प्रमाणपत्रे, त्यांच्या मुदती आणि जुळवणीतील असंख्य पर्याय सांभाळण्यासाठी जवळ माहितगार माणूस लागतो. पीपीटीपी हा जुना प्रकार अजूनही काही राउटरांवर दिसतो. त्याची सुरक्षा केव्हाच मोडली आहे, त्याकडे वळूही नये.

आता प्रत्यक्ष क्रम. सर्व्हर हाती येताच प्रथम एसएसएचचा (सर्व्हरला दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित सोयीचा) प्रवेश किल्लीने होईल अशी व्यवस्था करावी, तो चालतो याची दुसऱ्या खिडकीतून खात्री करावी आणि त्यानंतरच पासवर्डने प्रवेश बंद करावा. फायरवॉल, म्हणजे कोणती वाहतूक आत येऊ द्यायची हे ठरवणारी चौकी, बहुधा दोन ठिकाणी असते, एक पुरवठादाराच्या नियंत्रण पानावर आणि दुसरी सर्व्हरच्या आत. वायरगार्डसाठी नेहमी वापरले जाणारे ५१८२० हे यूडीपी पोर्ट दोन्हीकडे उघडावे लागते. टीसीपी उघडून यूडीपी विसरणे ही चूक इतकी सर्रास होते की, मी आता तपासणीची सुरुवात तेथूनच करतो. पुरवठादाराच्या पानावर 'कन्सोल' नावाची सोय असते, ती एकदा उघडून पाहून ठेवावी. फायरवॉलचा नियम चुकून मी स्वतः एकदा रात्री अकरा वाजता माझ्याच सर्व्हरच्या दाराबाहेर उभा राहिलो होतो, आणि त्या खिडकीतूनच आत परतलो.

किल्ल्यांच्या बाबतीत एकच पथ्य आहे, पण ते कसोशीने पाळावे. खासगी किल्ली ज्या यंत्रावर वापरायची त्याच यंत्रावर तयार करावी आणि तिने तेथून बाहेर पडू नये. तिच्या जोडीची, इतरांना देण्यासाठीच असलेली ४४ अक्षरांची सार्वजनिक किल्ली मात्र व्हॉट्सॲपवरूनही खुशाल पाठवावी. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली हवी. एकच किल्ली वडिलांच्या आणि मुलाच्या मोबाइलवर घातली, तर सर्व्हर शेवटचा संदेश जिकडून आला तिकडेच उत्तरे पाठवतो, आणि मग दोघांचेही कॅमेरे आळीपाळीने गोठतात. शिवाय यंत्र हरवले तर वहीत पाहून नेमकी तेवढीच नोंद सर्व्हरवरून काढता येते.

वायरगार्डच्या जुळवणीत 'अलाउड आयपीज' नावाची एक ओळ प्रत्येक यंत्राच्या नोंदीखाली असते आणि नव्वद टक्के गोंधळ तिच्यापाशी होतो, असे म्हटले तरी ती फारशी अतिशयोक्ती ठरणार नाही. तिला दोन अर्थ आहेत. बाहेर जाताना ती सांगते की, अमुक पत्त्यांकडे जाणारे पॅकेट (माहितीचा एकेक तुकडा) या यंत्राकडे पाठवावे. आत येताना तीच ओळ सांगते की, या यंत्राकडून फक्त अमुक पत्त्यांची पॅकेटे स्वीकारावीत. म्हणून सर्व्हरवर दुकानाच्या नोंदीखाली १०.४१.०.२/३२ एवढाच पत्ता येईल, गोदामाच्या नोंदीखाली १०.४१.०.३/३२ आणि त्यासोबत १९२.१६८.४२.०/२४ हा तेथील पट्टा येईल, आणि लॅपटॉप किंवा मोबाइलच्या नोंदीखाली त्याचा एकेकच पत्ता येईल. उलट बाजूला, सर्व्हरच्या नोंदीखाली लॅपटॉपवर १०.४१.०.०/२४ हा पट्टा आणि मोबाइलवर त्यासोबत १९२.१६८.४२.०/२४ हाही पट्टा लागेल. अनेक जण सर्व्हरवर प्रत्येक यंत्राखाली ०.०.०.०/०, म्हणजे 'सर्व पत्ते', असे लिहून मोकळे होतात. एक पट्टा एका वेळी एकाच यंत्राच्या नावावर राहू शकतो, त्यामुळे शेवटी लिहिलेले यंत्र आधीच्या सर्वांचा पट्टा ओढून घेते आणि 'एकच मोबाइल चालतो, बाकीचे चालत नाहीत' अशी तक्रार सुरू होते.

सर्व्हरने एका यंत्राकडून आलेले पॅकेट दुसऱ्याकडे द्यावे यासाठी 'आयपी फॉरवर्डिंग' चालू करावे लागते, आणि ते सिस्टिमच्या जुळवणीच्या फाइलमध्ये लिहावे लागते. नुसते चालू केले तर सर्व्हर पुन्हा सुरू होताच ते बंद होते. वायरगार्डची सेवाही सर्व्हरबरोबर आपोआप सुरू होईल, असे सांगून ठेवावे. सर्वत्र मिळणाऱ्या मार्गदर्शिकांमध्ये सर्व्हरवर 'मास्करेड' नावाचा, म्हणजे पुढे जाणाऱ्या पॅकेटवर स्वतःचाच पत्ता लावण्याचा, नियम हमखास सांगितलेला असतो. तो सगळे इंटरनेट व्हीपीएनमधून नेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला केवळ आपली यंत्रे जोडायची आहेत, तेव्हा सर्व्हरवर त्याची गरज नाही. त्याऐवजी फॉरवर्डिंगच्या फायरवॉलमध्ये वहीतील वाटा तेवढ्या लिहाव्यात, म्हणजे लॅपटॉपकडून दुकानाच्या ३३८९ पोर्टला आणि मोबाइलकडून रेकॉर्डरला परवानगी, चालू संवादाच्या उत्तरांना परवानगी, आणि बाकी सर्व बंद.

दुकानाच्या बाजूला वायरगार्ड थेट टॅलीच्या संगणकावर घालावा. गोदामातील रेकॉर्डरवर तो घालता येणार नाही, म्हणून तेथे रास्पबेरी पायसारखे एखादे लहान यंत्र कायम चालू ठेवावे आणि त्यावर फॉरवर्डिंग सुरू करावे. परतीच्या वाटेचा प्रश्न येतो तो येथे. रेकॉर्डरला १०.४१.०.२१ हा पत्ता ठाऊक नाही, म्हणून तो उत्तर राउटरकडे पाठवील आणि राउटर ते इंटरनेटच्या दिशेने फेकून देईल. राउटरमध्ये तशी वाट लिहिता आली तर उत्तमच, परंतु पुरवठादाराने दिलेल्या राउटरमध्ये ती सोय बहुधा झाकलेली असते. अशा वेळी मास्करेडचा नियम गोदामातील त्या लहान यंत्रावर लावावा. मग रेकॉर्डरला प्रत्येक पाहुणा शेजारच्याच यंत्राकडून आल्यासारखा दिसतो आणि उत्तर बरोबर परत येते. दुकान आणि गोदाम या दोन्ही टोकांना 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (ठरावीक वेळाने रिकामे पॅकेट पाठवण्याची सोय) २५ सेकंद ठेवावे, म्हणजे पुरवठादाराच्या वाड्याचे दार त्यांच्यासाठी उघडे राहील.

टॅलीविषयी दोन शब्द. डेटाचे फोल्डर शेअर करून ते पुण्याहून उघडण्याचा मोह टाळावा. लांबच्या जोडणीवर ते संथ चालते आणि मध्येच जोडणी तुटली तर नोंदी बिघडण्याचा धोका असतो. रिमोट डेस्कटॉपने केवळ पडदा पुण्याला जातो, हिशेब दुकानातच राहतो. मात्र विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो आवृत्ती लागते. आणि मुलगा आत आला की दुकानातील पडद्याला कुलूप लागते, त्यामुळे रात्रीची वेळच योग्य. संगणक झोपी जाण्याची सोय बंद करावी.

चाचणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अनोळखी पॅकेटला वायरगार्ड अजिबात उत्तर देत नाही. चोराच्या दृष्टीने ते दार भिंतीसारखे दिसते, पण किल्ली चुकली तर मालकालाही 'चूक' असे कोणी सांगत नाही. सर्व्हरवर वायरगार्डची स्थिती दाखवणारी आज्ञा दिली की, प्रत्येक यंत्रापुढे शेवटचा हस्तांदोलनाचा, म्हणजे किल्ल्या पटवून जोडणी जमल्याचा, क्षण दिसतो. तो दिसतच नसेल तर दोष किल्ली, पोर्ट किंवा सर्व्हरचा पत्ता यांत आहे. तो दिसतो आहे आणि तरीही काम होत नाही, तर दोष वाटांमध्ये आहे. आणि विंडोजचा संगणक पिंगला (यंत्र जागेवर आहे का हे तपासणाऱ्या हाकेला) उत्तर देत नसेल, तर बहुधा त्याची स्वतःची फायरवॉल आड येते.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये रास्पबेरी पाय ४ वर वायरगार्ड घालून तो मुंबईतील सर्व्हरला जोडला आहे. एरवी सगळे सुरळीत चालते, पण लांबलचक भारनियमनानंतर वीज परत आली की कधी कधी तासन्‌तास जोडणी होत नाही आणि मग आपोआप होते. इंटरनेट मात्र चालू असते. (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : दोष घड्याळाचा आहे. त्या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज गेल्यावर ते जवळपास तेथेच थांबते आणि वीज आल्यावर तेथूनच पुढे चालू लागते. वायरगार्डच्या हस्तांदोलनात वेळेची नोंद असते आणि सर्व्हर त्या यंत्राकडून आलेली शेवटची वेळ लक्षात ठेवतो. त्याहून मागची वेळ आली तर कोणीतरी जुने पॅकेट पुन्हा पाठवत आहे असे समजून तो ते टाकून देतो. घड्याळाने ती वेळ ओलांडली की जोडणी आपोआप होते, तीच आपल्याला दिसते. इंटरनेट चालू असूनही घड्याळ दुरुस्त होत नाही, याचा अर्थ बहुधा आपण त्या यंत्राचे सर्व इंटरनेट टनेलमधूनच, म्हणजे व्हीपीएनच्या जोडणीतूनच, नेले आहे : वेळ विचारायला टनेल हवा आणि टनेलला बरोबर वेळ हवी, असा हा पेच आहे. टनेलमध्ये केवळ व्हीपीएनचे पत्ते ठेवावेत आणि वेळ विचारण्याची वाट साध्या इंटरनेटवरून मोकळी ठेवावी. काही कारणाने तसे जमत नसेल, तर बॅटरीवरील घड्याळाची छोटी पट्टी बाजारात स्वस्तात मिळते, ती बसवावी. रास्पबेरी पाय ५ मध्ये घड्याळ असते, परंतु त्याची बॅटरी वेगळी विकत घेऊन जोडावी लागते; ती जोडली नाही तर अडचण हीच राहील.

प्रश्न : टनेल जोडला जातो, पिंग चालते, कार्यालयातील सॉफ्टवेअरचे प्रवेशाचे पानही उघडते, पण मोठा अहवाल मागितला की पडदा तसाच गोठून राहतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कधी चालते, कधी नाही. (एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लहान पॅकेट जातात आणि मोठी अडतात, हे या दुखण्याचे नेमके लक्षण आहे. साध्या इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइटची असते. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटभोवती स्वतःचे वेष्टन चढवतो. ते आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) वर ६० आणि आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) वर ८० बाइटचे असते. म्हणून टनेलची मर्यादा, म्हणजे एमटीयू, सहसा १४२० धरली जाते. आपल्या घरची जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल, म्हणजे राउटरमध्ये पुरवठादाराचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड घालावे लागत असतील, तर मूळ मर्यादाच १४९२ वर येते आणि ८० वजा जाता १४१२ उरते. मोबाइलच्या जोडणीवर ती याहूनही कमी असू शकते. वास्तविक वाटेतील यंत्राने 'पॅकेट मोठे आहे' असे कळवायला हवे, परंतु अतिउत्साही फायरवॉलवाले असे निरोप नेणारे आयसीएमपी संदेश सरसकट बंद करतात आणि तो निरोप पोहोचतच नाही. मालमोटार घाटातल्या कमी उंचीच्या कमानीपाशी अडकते आणि मागच्यांना कोणी सांगत नाही, तसे हे होते.

आपल्या लॅपटॉपवर टनेलची एमटीयू १२८० करून पाहावी. आयपीव्ही६ ला चालणारी ती किमान मर्यादा असल्याने जवळजवळ प्रत्येक जोडणीवर ती निभावते. गोठणे थांबले तर निदान बरोबर ठरले. मग हवे असल्यास आकडा हळूहळू वाढवत न्यावा, पण कार्यालयीन कामात त्या फरकाने वेग जाणवण्याइतका बदलत नाही, तेव्हा १२८० वरच राहिल्यास काही बिघडत नाही. टनेलमधून आपल्याखेरीज आणखीही लोक जात असतील आणि प्रत्येकाचे यंत्र बदलणे शक्य नसेल, तर गेटवेच्या फायरवॉलमध्ये टीसीपीच्या तुकड्यांची कमाल लांबी टनेलच्या मापाने आपोआप कापण्याचा नियम लावता येतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला 'एमएसएस क्लॅम्पिंग' एवढे शब्द सांगितले तरी तो समजेल.

प्रश्न : सर्वांत स्वस्त व्हर्च्युअल सर्व्हर वर्षभरासाठी घेतला. वायरगार्ड घालताना कर्नेलमध्ये तो नसल्याचा संदेश येतो आणि कर्नेल बदलताही येत नाही. पैसे वाया गेले का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपल्याला मिळालेला सर्व्हर कंटेनर पद्धतीचा, बहुधा ओपनव्हीझेडचा असावा. केव्हीएममध्ये प्रत्येक ग्राहकाला स्वतःचे कर्नेल मिळते. कंटेनरमध्ये सर्व जण यजमान यंत्राचेच कर्नेल वापरतात, त्यामुळे यजमानाकडे वायरगार्ड नसेल तर आपण तो आणू शकत नाही. भाड्याच्या खोलीत आपण रंग बदलू शकतो, तुळई नाही. वर्ष फुकट गेलेले नाही. पुरवठादाराला लिहून 'टन' (TUN) हे टनेलसाठी लागणारे आभासी यंत्र आपल्या कंटेनरला चालू करून मागावे. अनेकांच्या नियंत्रण पानावर तर त्याची कळच असते. ते मिळाले की कर्नेलविना चालणारा वायरगार्डचा गो भाषेतील अवतार किंवा सरळ ओपनव्हीपीएन वापरता येईल. वेग थोडा कमी मिळेल. पुढच्या वेळी मात्र महिन्याच्या करारावर घेऊन आधी पारखावे.

प्रश्न : आमचे ठाण्यात सनदी लेखापालांचे कार्यालय आहे. बारा कर्मचारी घरून काम करतात, म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर गेटवे उभारला आहे. व्हीपीएन चालवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी, असा सरकारी नियम असल्याचे कळले. तो आम्हाला लागू आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण म्हणता ते निर्देश सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली २८ एप्रिल २०२२ रोजी काढले. ग्राहकाचे नाव, पत्ता, वापराचा हेतू, दिलेले आयपी पत्ते इत्यादी माहिती सेवा बंद झाल्यानंतरही ५ वर्षे जपण्याचे बंधन त्यात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांवर, तसेच डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हर्च्युअल सर्व्हर पुरवणाऱ्यांवर आहे. काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातील आपले सर्व्हर हलवले, ते याच कारणाने. पुढे संस्थेने दिलेल्या प्रश्नोत्तरांत असा खुलासा केला की, व्हीपीएन सेवा देणारा म्हणजे सर्वसामान्य इंटरनेट वापरकर्त्यांना ती सेवा पुरवणारा. आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी चालवलेला कार्यालयीन व्हीपीएन त्यात मोडत नाही. तेव्हा पाच वर्षांचे बंधन आपल्यावर येत नाही, ते आपल्या सर्व्हरच्या पुरवठादारावर येते. त्याने ओळखीची कागदपत्रे मागितली तर ती खरी आणि कार्यालयाच्याच नावाची द्यावीत.

त्याच निर्देशांतील दोन गोष्टी मात्र कंपन्या आणि संस्था यांनाही लागू आहेत : सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे. भागीदारी संस्था त्यात कशी बसते हे आपल्यासारख्या सनदी लेखापालांना मी सांगण्याची गरज नाही. तांत्रिक बाजूने एवढेच सांगतो की, वायरगार्ड स्वतः कोणतीही नोंदवही ठेवत नाही. शेवटचे हस्तांदोलन केव्हा झाले हे तो सांगतो, पण काल रात्री दोन वाजता कोण आत होते हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी फायरवॉलमध्ये नव्या जोडण्यांची नोंद करण्याचा नियम लावावा, त्या नोंदी रोज दुसऱ्या यंत्रावर उतरवाव्यात आणि सर्व्हरचे घड्याळ बरोबर ठेवावे. कर्मचारी सोडून गेला की त्याची किल्ली त्याच दिवशी काढावी. तीही नोंद तारखेसह ठेवावी.

प्रश्न : नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. भारतातील काही संकेतस्थळे येथून उघडत नाहीत, म्हणून मुंबईचा सर्व्हर घेऊन सगळे इंटरनेट त्यातून नेले. तरीही काही संकेतस्थळांना मी जर्मनीतच असल्याचे कळते. (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : आपल्या 'अलाउड आयपीज'च्या ओळीत पट्टा फक्त ०.०.०.०/० असेल, तर टनेलमधून केवळ आयपीव्ही४ जाते. जर्मनीतील घरगुती जोडण्यांवर आयपीव्ही६ सर्रास असते आणि दोन्ही उपलब्ध असतील तर ब्राउझर बहुधा आयपीव्ही६ ला आधी हात घालतो; ती सारी वाहतूक टनेलच्या बाहेरून, जर्मन पत्त्यासह जाते. पट्ट्यात ::/० (सर्व आयपीव्ही६ पत्ते) हीसुद्धा नोंद घालावी. मुंबईच्या सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल तर त्यासाठीही फॉरवर्डिंग आणि मास्करेड लावावे. नसेल तर ही वाहतूक टनेलपाशी येऊन थांबते आणि ब्राउझर निमूटपणे आयपीव्ही४ वर येतो. नावांची चौकशी, म्हणजे डीएनएस, अजून म्युनिकच्या राउटरकडेच जात असेल, तर जुळवणीत डीएनएसची ओळ घालून तीही टनेलमधून न्यावी. आपल्या बाबतीत सर्व्हरवर मास्करेड आवश्यक आहे, सांगलीच्या वाचकांना ते नको होते, हा फरक लक्षात घ्यावा.

एवढे करूनही चित्रपट-मालिका दाखवणारी काही संकेतस्थळे नकार देतील, कारण आपला नवा पत्ता मुंबईचा असला तरी तो डेटा सेंटरच्या नावावर नोंदलेला आहे आणि त्यांना तो ओळखता येतो. त्याला गेटवेच्या जुळवणीत उपाय नाही. भारतातील घरी आई-वडिलांकडे कायम चालू राहणारे एखादे लहान यंत्र ठेवता येत असेल, तर ते मुंबईच्या सर्व्हरला जोडून आपली वाहतूक त्या घरातून बाहेर काढता येते. तांत्रिकदृष्ट्या ते सांगलीच्या गोदामासारखेच आहे. मात्र ते करण्यापूर्वी त्या सेवांच्या अटी वाचाव्यात आणि घरच्यांच्या जोडणीची मासिक मर्यादाही विचारून घ्यावी.